तीन कॉर्ड आणि पाचशे पौंड

मार्च 1977 मध्ये लंडनच्या ‘द क्लॅश’ या बँडची पहिली सिंगल रेकॉर्ड आली. तिचं नाव ‘व्हाइट रायट’. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘1977’ नावाचं गाणं होतं आणि त्यात एल्व्हिस प्रेस्ली, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या तिघांनाही एका दमात निरोप दिलेला होता. त्याच वर्षी 16 ऑगस्टला एल्व्हिस खरोखरच गेला. डिसेंबर 1979 मध्ये याच बँडचा ‘लंडन कॉलिंग’ हा दोन रेकॉर्डचा अल्बम बाजारात आला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर एल्व्हिसच्या 1956 च्या पहिल्या अल्बमची मांडणी जशीच्या तशी उचललेली होती. डाव्या कडेला उभी गुलाबी अक्षरं, तळाशी आडवी हिरवी. एल्व्हिसच्या हातात गिटार आहे आणि तो तोंड उघडून गातोय. क्लॅशचा पॉल सिमोनन कमरेत वाकून आपली बेस गिटार स्टेजवर आपटतोय. पेनी स्मिथने न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये टिपलेलं हे छायाचित्र पुढे रॉक संगीतातल्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी एक ठरलं. या अल्बममधलं दुसरंच गाणं ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ हे 1959 सालचं, व्हिन्स टेलर या ब्रिटिश रॉक अँड रोल गायकाचं. त्याच वर्षी क्लॅशने ‘आय फॉट द लॉ’ही गायलं. ते लिहिलं होतं बडी हॉलीच्या ‘क्रिकेट्स’मधल्या सनी कर्टिसने.

ज्यांना एल्व्हिस नको होता त्यांनी पावणेतीन वर्षांत त्याचंच मुखपृष्ठ अंगावर चढवलं. हा वैचारिक गोंधळ नव्हता. पंक रॉकचं रॉक अँड रोलशी नातं काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. पंकचं भांडण एल्व्हिसने जे सुरू केलं त्याच्याशी नव्हतं. ते बंद कुणी पाडलं, एवढाच त्याचा सवाल होता. त्यामुळे पंक समजून घ्यायचं तर 1976 च्या सेफ्टी पिना आणि उभे केस क्षणभर बाजूला ठेवून 1950 च्या मेम्फिसला जावं लागतं.

त्या वर्षी सॅम फिलिप्सने मेम्फिसमध्ये एक छोटा स्टुडिओ उघडला. तिथे लग्नसमारंभ, भाषणं, काय वाटेल ते ध्वनिमुद्रित करून मिळे. पैसे मोजले की कुणालाही आत जाऊन गाता येई आणि आपल्या आवाजाची रेकॉर्ड घरी नेता येई. 1953 च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एल्व्हिस तिथे गेला तो असाच, सुमारे चार डॉलर देऊन. पुढच्या जुलैत त्याच खोलीत ‘दॅट्स ऑल राइट’ ध्वनिमुद्रित झालं. साथीला एक गिटार आणि एक उभा बेस होता, ड्रम नव्हतेच. गाणं दोन मिनिटांपेक्षाही लहान.

त्या काळातल्या रॉक अँड रोलच्या गाण्यांचा सांगाडा कृष्णवर्णीय अमेरिकेच्या ब्लूजमधून आलेला होता. हार्मोनियमवर सा धरा, त्याला शुद्ध गंधार आणि पंचम जोडा, की पहिली कॉर्ड तयार. हीच रचना मध्यमावरून उभारली की दुसरी आणि पंचमावरून उभारली की तिसरी. या तीन कॉर्ड बारा मापांमध्ये ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात. चक बेरी, लिटल रिचर्ड, एडी कॉक्रन यांची बहुतेक गाणी या चौकटीत उभी आहेत. गिटार हातात घेतल्यावर काही आठवड्यांत या तीन जागा बोटांना सापडू शकतात. चक बेरीसारखं वाजवायला अर्थातच उभा जन्म लागतो. पण सुरुवात करायला गुरूकडे गंडा बांधावा लागत नाही आणि स्वरलिपी वाचता यावी लागत नाही. त्या संगीताची ताकद याच गोष्टीत होती.

ब्रिटनमध्ये तर ही सुरुवात आणखी स्वस्तात झाली. लॉनी डोनेगनने अमेरिकन लोकगायक लेड बेलीकडून उचललेलं ‘रॉक आयलंड लाइन’ 1956 मध्ये गाजलं आणि ‘स्किफल’ नावाची लाट आली. चहाच्या लाकडी खोक्याला झाडूचा दांडा उभा करून दोरी ताणली की बेस तयार होई. कपडे घासायच्या पन्हळी फळीवर अंगुस्तान घातलेली बोटं फिरवली की ताल मिळे. एक साधी गिटार असली की बँड पुरा. लिव्हरपूलच्या जॉन लेननने शाळेतल्या मित्रांना घेऊन ‘क्वॉरीमेन’ काढला तो असाच. 6 जुलै 1957 रोजी एका चर्चच्या जत्रेत या बँडने वाजवलं आणि तिथे लेननची पॉल मॅकार्टनीशी गाठ पडली. बीटल्स जन्माला आले ते चहाच्या खोक्याच्या बेसवर.

आता पंधरा-सोळा वर्षं पुढे या. 1973 मध्ये ‘येस’ या ब्रिटिश बँडने ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा दोन रेकॉर्डचा अल्बम काढला. त्यात गाणी चार, एका बाजूला एक, आणि एकूण वेळ ऐंशी मिनिटांच्या वर. गायक जॉन अँडरसनला याची कल्पना सुचली ती परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटिपेवरून. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं अशी चार शास्त्रांची विभागणी त्या टिपेत होती, म्हणून चार बाजू. हे संगीत टाकाऊ आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यातली वादनाची तयारी थक्क करणारी आहे आणि महत्त्वाकांक्षा खरी आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाने ते ऐकून काय करायचं? असं वाजवायला वर्षानुवर्षांचा रियाज हवा, एका मोटारगाडीच्या किमतीची सिंथेसायझर हवीत, सोळा ट्रॅकचा स्टुडिओ महिनोन्‌महिने भाड्याने हवा आणि या सगळ्याचा खर्च उचलणारी मोठी कंपनी हवी. लेड झेपलिन अमेरिकेच्या दौऱ्यावर स्वतंत्र विमानाने फिरत होते. रॉक अँड रोल ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात पूर्वी जेमतेम हातभर अंतर असे. आता मध्ये अख्खं स्टेडियम आलं होतं.

या काळातही जुना धागा पूर्ण तुटलेला नव्हता. अमेरिकेत साठच्या दशकात घरामागच्या गॅरेजमध्ये तालीम करणारे शेकडो बँड होऊन गेले. त्यांच्यातले बहुतेक एखादं गाणं गाजवून गायब झाले. पोर्टलंडच्या ‘किंग्समेन’ने 1963 मध्ये ‘लुई लुई’ इतक्या अस्पष्ट उच्चारांत गायलं, की त्यात अश्लील काही आहे का, याची एफबीआयने चौकशी केली आणि शेवटी शब्द कळतच नाहीत असा निष्कर्ष काढला. अशा गाण्यांचा ‘नगेट्स’ नावाचा संग्रह लेनी के याने 1972 मध्ये सिद्ध केला. त्याच्या टिपणात आणि त्या सुमाराच्या ‘क्रीम’ मासिकातल्या लेखांत ‘पंक रॉक’ हे नाव येतं, ते या जुन्या गॅरेज बँडना उद्देशून. लंडनमध्ये सेफ्टी पिना दिसायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. नाव ठेवलं गेलं ते मागे वळून पाहताना, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. मिशिगनमधल्या ‘स्टूजेस’ आणि ‘एमसी5’ यांनी त्याच कच्च्या आवाजाला धार लावली. डेट्रॉइटमधल्या हॅक्नी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी ‘डेथ’ नावाचा बँड काढून 1975 मध्ये जे ध्वनिमुद्रित केलं, ते आज ऐकलं तर दोन-तीन वर्षं पुढचं वाटतं. एक सिंगल त्यांनी स्वतःच काढली. बाकीचं जगासमोर यायला 2009 साल उजाडावं लागलं.

न्यूयॉर्कच्या बावरी भागात हिली क्रिस्टलने डिसेंबर 1973 मध्ये ‘सीबीजीबी’ हा बार उघडला. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या तीन संगीतप्रकारांची आद्याक्षरं त्याच्या नावात आहेत. तिथे गाजलं ते भलतंच. क्रिस्टलची मुख्य अट अशी, की बँडने स्वतःची गाणी वाजवावीत. बारमध्ये वाजवणाऱ्यांकडून तेव्हा गाजलेल्या गाण्यांच्या नकला अपेक्षित असत, त्यामुळे ही अट साधी नव्हती. ‘टेलिव्हिजन’, ‘ब्लाँडी’, ‘टॉकिंग हेड्स’, पॅटी स्मिथ आणि ‘रामोन्स’ हे सगळे तिथून वर आले. पंक म्हणजे एक विशिष्ट आवाज असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पाच एकापाठोपाठ ऐकावेत. ‘टेलिव्हिजन’चं ‘मार्की मून’ सुमारे दहा मिनिटांचं आहे आणि दोन गिटारींच्या सवाल-जबाबावर उभं आहे. पॅटी स्मिथच्या ‘हॉर्सेस’ या 1975 च्या अल्बममध्ये गद्य-पद्याचा प्रवाह आहे, आणि त्याची सुरुवात होते व्हॅन मॉरिसनच्या ‘ग्लोरिया’ या गॅरेज बँडांच्या लाडक्या गाण्याने. या सगळ्यांच्या आवाजात साम्य शोधून सापडत नाही. साम्य एवढंच, की आधी कुणाची परवानगी घेऊन यांपैकी कुणीही स्टेजवर चढलं नव्हतं.

तरीही पंकचा आवाज म्हणून जो कानात बसलाय तो रामोन्सचा, आणि तो कसा घडला हे नीट पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सची ही चार मुलं. भाऊ नव्हेत, पॉल मॅकार्टनीने एके काळी घेतलेल्या ‘पॉल रामोन’ या टोपणनावावरून चौघांनी एकच आडनाव घेतलं. 16 ऑगस्ट 1974 रोजी ते सीबीजीबीत पहिल्यांदा उभे राहिले. दोन गाण्यांच्या मध्ये बोलणं नाही, गिटार जुळवणं नाही, फक्त बेसवादक डी डीचा ‘वन-टू-थ्री-फोर’ आणि पुढचं गाणं. एप्रिल 1976 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. खर्च सुमारे 6,400 डॉलर. ‘येस’ने एका गाण्याला दिलेल्या वेळेत इथे नऊ-दहा गाणी होतात.

जॉनी रामोनच्या उजव्या हातात या आवाजाचं मर्म आहे. गिटारवादक एरवी तारांवर एक आघात खाली आणि एक वर असा वाजवतो. वरचा आघात थोडा हलका पडतो, म्हणून लयीला आपोआप झोल मिळतो. जॉनीने वरचा आघात काढूनच टाकला. सगळे आघात खाली, सगळे सारख्या वजनाचे, आणि तेही त्या भन्नाट वेगात. दुसऱ्या कुणी चार गाणी असं वाजवून पाहिलं तर मनगट भरून येतं. डाव्या हाताची बोटं बहुतेक वेळ एकाच ठशात आणि तो ठसा मानेवर वर-खाली सरकत राहतो. एकल वादन जवळजवळ नाहीच. आता चक बेरी आठवून पाहा. त्याच्या रेकॉर्डमध्ये गिटार मात्रेचे सरळ दोन समान तुकडे करते, आणि मागचा ड्रमवाला मात्र स्विंगच्या अंगाने, पहिला तुकडा लांब आणि दुसरा आखूड असा वाजवत असतो. त्या दोघांच्या ओढाताणीत रॉक अँड रोलचा नाच आहे. रामोन्सनी ही ओढाताण संपवली. गिटार सरळ, बेस सरळ, ड्रम सरळ. ब्लूज वजा केलेलं शुद्ध रॉक अँड रोल हवं होतं, असं जॉनी स्वतःच सांगत असे.

माझ्या मते इथे पंकने बरंच काही मिळवलं आणि मोलाचं असं काही गमावलंही. मिळवला तो वेग आणि एकजिनसी आघात. गमावला तो झोल, आणि त्यासोबत रॉक अँड रोलची कृष्णवर्णीय कूस. पंकच्या पुढच्या इतिहासातली बरीच भांडणं या वजाबाकीतून निघाली आहेत. पण रामोन्सना रॉक अँड रोलचे वैरी ठरवता येणार नाही. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनगटांची गाणी आणि समुद्रकाठची सर्फ-गाणी यांवर त्यांचा जीव होता. पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी ख्रिस मॉन्टेझचं 1962 मधलं ‘लेट्स डान्स’ गायलं, तेही कोणतीही खिल्ली न उडवता. नातं मूळ धन्यालाही दिसलं होतं. 1980 मध्ये सेंट लुईसच्या एका छोट्या फॅन्झीनने, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या नियतकालिकाने, चक बेरीला काही पंक रेकॉर्ड ऐकवून मत विचारलं, तेव्हा सेक्स पिस्टल्सच्या गिटारीत त्याला आपलीच वाजवण्याची तऱ्हा ओळखू आली.

सेक्स पिस्टल्सवर आजवर इतकं लिहिलं गेलंय, की त्यांना मी मोजकीच जागा देतो. बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांचं लंडनच्या किंग्ज रोडवर 430 क्रमांकाचं दुकान होतं. 1971 मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव ‘लेट इट रॉक’ होतं आणि तिथे पन्नासच्या दशकातल्या, टेडी बॉय म्हणवणाऱ्या रॉक अँड रोलवेड्या पोरांचे लांब कोट मिळत. म्हणजे ब्रिटिश पंकचा पाळणा हलला तो रॉक अँड रोलच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. पिस्टल्सचा गायक जॉन लायडन त्या दुकानात आला तो ‘येस’च्याच वळणाच्या पिंक फ्लॉइड या बँडच्या टी-शर्टवर त्यांच्याविषयीचा द्वेष स्वतःच्या हाताने लिहून. पुढे 1977 मध्ये या बँडचा एकुलता स्टुडिओ अल्बम निघाला, त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक ख्रिस थॉमस. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या अंतिम मिश्रणावर देखरेख करणारा हाच माणूस. बँडमधल्या स्टीव्ह जोन्सच्या गिटारीचे थरावर थर चढवून त्याने तो भिंतीसारखा आवाज उभा केला. पंकची सर्वांत प्रसिद्ध रेकॉर्ड अत्यंत कसबाने बांधलेली आहे, आणि त्यात काही वावगं नाही.

1 डिसेंबर 1976 च्या संध्याकाळी टेम्स टेलिव्हिजनवर बिल ग्रंडीच्या कार्यक्रमात पिस्टल्सनी शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशभर धुरळा उडवला. त्या जागी मुळात यायचा होता ‘क्वीन’ हा बँड. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. शाळेत असताना त्याने मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता आणि पियानोवर तो लिटल रिचर्ड वगैरेंचं रॉक अँड रोल वाजवत असे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वसतिगृहातल्या मुलांनाही पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ‘हे आपल्याला जमेल’ असं वाटलं होतं. त्या संगीताची मूळ हाक किती दूर पोचत होती, ते यावरून कळतं.

ग्रंडी प्रकरणामुळे पंक म्हणजे शिवीगाळ असा समज पक्का झाला आणि तो आजही पुरता उतरलेला नाही. रागाला कारणं होतीच. ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती आणि 1976 मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागावं लागलं होतं. पण राग त्याआधीच्या संगीतातही होता. पंकने नवं काय केलं हे पाहायला लंडन सोडून मँचेस्टरला जायला हवं.

हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे बोल्टनच्या तंत्रसंस्थेतले दोन विद्यार्थी. फेब्रुवारी 1976 मध्ये एका संगीत साप्ताहिकात त्यांनी पिस्टल्सच्या कार्यक्रमाची छोटी बातमी वाचली, उसनी गाडी घेतली आणि लंडन गाठलं. परत आले ते पिस्टल्सना मँचेस्टरला आणायचं ठरवूनच. 4 जून 1976 रोजी लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये तो कार्यक्रम झाला. श्रोते जेमतेम चाळीसच्या आसपास असावेत. पुढे ‘जॉय डिव्हिजन’ काढणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हुक त्यांच्यात होते, आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. समनर-हुक यांनी त्या संध्याकाळबद्दल जे सांगितलं त्याचा मथितार्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. पिस्टल्स ऐकून ते दिपून गेले नव्हते. आपल्यालाही हे करता येईल, असं त्यांना वाटलं.

डिव्होटो आणि शेलीच्या बँडचं नाव ‘बझकॉक्स’. 28 डिसेंबर 1976 रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत त्यांनी चार गाणी काही तासांत ध्वनिमुद्रित केली. निर्माता मार्टिन हॅनेट. कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता त्यांनी मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून पाचशे पौंड उसने घेतले. शेलीच्या वडिलांचाही त्यात हात होता. ‘न्यू हॉर्मोन्स’ असं स्वतःच्या कंपनीचं नाव ठेवलं, हजार प्रती छापून घेतल्या आणि 29 जानेवारी 1977 रोजी ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाने त्या विकायला काढल्या. वेष्टनावरचं छायाचित्र मँचेस्टरच्या पिकॅडिली चौकात पोलरॉइड कॅमेऱ्याने काढलेलं. त्याच वेष्टनावर प्रत्येक गाण्याचा कितवा प्रयत्न घेतला आणि त्यावर मागाहून काय भर घातली हेही छापलेलं होतं. पाकशाळेचं दार उघडं ठेवून जेवायला वाढावं तसं. ‘बोअरडम’ या गाण्यातल्या गिटारच्या एकल तुकड्यात दोनच स्वर आहेत, तेच ते परत परत. तो तुकडा मला त्या दशकातल्या कोणत्याही लांबलचक वादनाइतका अचूक वाटतो, कारण कंटाळ्याविषयीच्या गाण्यात कंटाळलेली गिटार याहून वेगळं बोलणार नाही. हजार प्रती हातोहात गेल्या. अखेरीस खप सोळा हजारांवर पोचला.

रेकॉर्ड छापणारे कारखाने आधीही पैसे देणाऱ्या कुणाचंही काम घेत असत. छोट्या कंपन्याही पूर्वी होत्याच. सॅम फिलिप्सची सन रेकॉर्ड्स हे त्याचं ठळक उदाहरण. पण वाजवणाऱ्या पोरांनी स्वतःच कंपनी व्हावं आणि कसं झालो ते उघड सांगावं, हा पायंडा ‘स्पायरल स्क्रॅच’ने पाडला. लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ने त्याच वर्षी स्वतःची सिंगल काढली आणि खर्च श्रोत्यांना सांगून टाकला, 153 पौंड. ‘स्क्रिटी पोलिटी’ने 1978 मध्ये आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर स्टुडिओपासून छपाईपर्यंतचा हिशेबच मांडला. लॅडब्रोक ग्रोव्ह भागातलं जेफ ट्रॅव्हिसचं ‘रफ ट्रेड’ हे दुकान अशा रेकॉर्ड देशभर पोचवू लागलं आणि पुढे स्वतःच कंपनी झालं. मार्क पेरीने जुलै 1976 मध्ये सुरू केलेलं ‘स्निफिन ग्लू’ हे झेरॉक्सचं नियतकालिक होतं. त्याच्या पाठोपाठ अशा कागदांचं पीक आलं. जानेवारी 1977 मध्ये ‘साइडबर्न्स’ नावाच्या अशाच एका कागदाने तीन कॉर्डची बोटं कुठे ठेवायची याची हाताने काढलेली तीन चित्रं छापली आणि आता बँड काढा, असं सुचवलं. रॉक अँड रोलचा जुना बाराखडीचा तक्ता पुन्हा भिंतीवर लागला होता.

हे दार उघडल्यावर आत कोण आलं, यात पंकची खरी कमाई दिसते. रॉकमध्ये बायका बहुधा गायिका असत, वाजवणाऱ्या क्वचित. मुलींनीच वाजवायला घेतलेल्या ‘द स्लिट्स’ची गायिका आरी अप बँडमध्ये आली तेव्हा चौदा वर्षांची होती. ‘एक्स-रे स्पेक्स’ची पॉली स्टायरीन ही सोमाली वडील आणि ब्रिटिश आई यांची मुलगी. दातांना तारा, अंगावर झगझगीत प्लास्टिकचे कपडे, बाजारपेठेने माणसाचं काय केलंय यावर नेमकं बोट ठेवणारी गाणी, आणि साथीला सॅक्सोफोन, म्हणजे लिटल रिचर्डच्या काळचं वाद्य. अशी बाई कोणत्याही बड्या कंपनीच्या हिशेबात 1975 मध्ये बसली नसती.

वजा झालेला कृष्णवर्णीय धागाही लंडनने वेगळ्या वाटेने परत आणला. रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचा. वाजवायला पंकच्या रेकॉर्ड अजून फारशा निघालेल्या नव्हत्या, म्हणून तो जमैकन रेगे लावी. क्लॅशने पहिल्याच अल्बममध्ये ज्युनियर मर्विनचं ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ घेतलं, तेही चांगलं सहा मिनिटं. ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. बॉब मार्लीच्या गाण्यावर त्याला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळून दोनच वर्षं झाली होती. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला, आणि तिथे क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि बर्मिंगहॅमचा रेगे बँड ‘स्टील पल्स’ एकाच स्टेजवर वाजले. त्याच सुमारास मार्गारेट थॅचर यांनी परक्या संस्कृतीच्या लोंढ्याची भीती बोलून दाखवली, तेव्हा लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या तरुणांनी ‘एलियन कल्चर’ हेच नाव घेऊन पंक बँड काढला. मुंबईत ‘द रायट पेडलर्स’सारख्या बँडने पुढे हाच सांगाडा इथल्या राजकारणावर बोलायला वापरला.

त्याच दारातून नको ते लोकही आले. सुरुवातीच्या काही पंकांनी केवळ वडीलधाऱ्यांना धक्का द्यायला नाझी स्वस्तिक मिरवलं. तो थिल्लरपणा होता, आणि ‘स्क्रूड्रायव्हर’सारखा बँड उघड वर्णद्वेषी झाला तेव्हा त्या थिल्लरपणाची किंमत सगळ्यांनीच मोजली. कुणालाही येऊ देणारी चळवळ आलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न टाळू शकत नाही. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ने त्याला मैदानात उतरून उत्तर दिलं, म्हणून तिचं मोल मला सर्वाधिक वाटतं.

अमेरिकेत ही कथा वॉशिंग्टन शहरात आणखी कसदार झाली. तिथल्या ‘बॅड ब्रेन्स’मधले चौघे कृष्णवर्णीय तरुण आधी जॅझ-फ्यूजन वाजवत. ती तयारी घेऊन ते पंककडे आले आणि त्यांनी रामोन्सच्याही पुढचा वेग गाठला. मध्येच ते संथ रेगे वाजवू लागत. वरचा आघात काढून टाकलेल्या संगीतात झोल परतला. त्यांचे कार्यक्रम पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलांमध्ये इयन मकाय आणि जेफ नेल्सन होते. त्यांचा ‘टीन आयडल्स’ हा चौघांचा बँड 1980 मध्ये फुटला. कार्यक्रमांतून आलेले पैसे त्यांनी वर्षभर वाटून न घेता साठवले होते. जमले होते सुमारे सहाशे डॉलर. चौघांनी वाटून घेतले असते तर प्रत्येकी दीडशे. बँड संपलेला होता, म्हणजे रेकॉर्ड काढून स्वतःची जाहिरात होण्याचाही प्रश्न नव्हता. तरी त्यांनी ते सगळे पैसे एका छोट्या रेकॉर्डवर घातले. प्रती हजार, गाणी आठ. वेष्टन कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणून एक जुनं वेष्टन उकलून ठसा पाहिला, तसे कागद छापून घेतले आणि मित्रमैत्रिणींना बसवून कात्री आणि गोंदाने एकेक घडी घातली. विक्रीतून आलेल्या पैशांत शहरातल्या दुसऱ्या बँडची रेकॉर्ड काढायची, तिच्यातून तिसऱ्याची, अशी डिस्कॉर्ड ही कंपनी उभी राहिली. मकायच्या पुढच्या ‘फुगाझी’ या बँडने मोठमोठी सभागृहं भरू लागल्यावरही तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवलं आणि कोणत्याही वयाच्या श्रोत्याला आत घेतलं. डिस्कॉर्ड आजही वॉशिंग्टन परिसरातल्याच बँडच्या रेकॉर्ड काढते.